केल्सोच्या चौकात निगुडकर सर

"पोहे खाल्ले?"

निगुडकर सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी साताऱ्याहून इंदूरजवळच्या राऊमधल्या एका कॉलेजात शिकवायला नुकतीच आले होते. पहिलाच दिवस. स्टाफरूममध्ये कोणत्या खुर्चीवर बसलेलं चालेल याचा अंदाज घेत दाराशी उभी होते.

"हो सर, खाल्ले. मेसमध्ये."

"मेसमध्ये? मग नाही खाल्ले." ते उठलेच. "चला मॅडम. टाइमटेबल कुठे पळून नाही जात."

मला गेटबाहेरच्या ठेल्यावर नेण्यात आलं. बाकीचे प्राध्यापक शर्टाच्या ज्या खिशाला पेन लावतात, त्या खिशातून सरांनी एक चपटी बाटली काढली. माझ्या मनात नको ते आलं. बाटलीत जीरावन होतं, इंदुरात पोह्यांवर भुरभुरतात तो आंबट-तिखट मसाला. ठेलेवाल्याकडेही जीरावन होतंच, पण सरांचा त्याच्यावर भरवसा नव्हता. प्लेट रिकामी होईपर्यंत माझं गाव, बाबांची नोकरी, आईचे गुडघे, भावाचं न जमणारं लग्न, सगळं सरांना कळलं होतं. त्यामुळे ठेलेवाल्यालाही कळलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानेच चौकशी केली, "दीदी, भैया की बात कहीं जमी?"

सर गेल्या उन्हाळ्यात गेले. तेव्हा मी पुण्यात होते, आणि बातमी ऐकून मला आधी आठवला तो हा ठेला. मग आठवलं केल्सो. खरं तर मला सरांबद्दल सांगायचंय ते केल्सोचंच. पण केल्सोला पोचायच्या आधी सर कोण होते ते सांगायला हवं, नाहीतर स्कॉटलंडातल्या एका मेंढ्यांच्या बाजारात त्यांनी जे केलं त्यातली गंमत कळायची नाही.

सर अर्थशास्त्र शिकवायचे. पूर्वज होळकरांच्या दरबारी कसल्याशा कचेरीत होते, तेव्हापासून घराणं इंदुरातलं. स्नेहलतागंजात स्टेशनाजवळ घर. घरात मराठी बोलत, पण ती मराठी ऐकून माझी सातारची आत्या एकदा म्हणाली होती, "हे काय मराठी आहे का हिंदी, की दोघींची भेट?" सर खूश झाले. "आत्याबाई, भेटच आहे. आणि भोत जुनी आहे."

बुटके, गोल, पायात कायम सँडल. चालायचे ते थोडेसे पुढे झुकून, समोर कुणीतरी ओळखीचं दिसल्यासारखे. आणि दिसायचंही. सियागंजात, कपडा मार्केटात, भाजीच्या मंडीत, कुठेही. कारण वर्गात शिकवणं त्यांना फारसं मान्य नव्हतं. "मागणी आणि पुरवठा" हा धडा आला की ते म्हणायचे, "किताब बंद, थैली चालू," आणि पोरांना घेऊन मंडीत. तिथे लिलाव पुकारणारा माणूस गळ्याच्या शिरा ताणून भाव ओरडत असायचा आणि सर त्याच्याकडे तल्लीन होऊन बघत. कुणी गाण्याच्या मैफलीत बघतं तसे. मधेच एखाद्या पोराचं मनगट दाबून पुटपुटत, "आता बघ. आता वाढवेल. बघ, वाढवला ना?"

नवीन गावी गेले की देऊळ, किल्ला, संग्रहालय नंतर. आधी बाजार. "गाव बाजारात खरं बोलतं," असं ते सांगत.

आणि स्वतः ते सगळीकडे बोलत. गप्प बसणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. एकदा डॉक्टरांनी ब्लड प्रेशरसाठी शांतता सांगितली, म्हणून ते मौनाच्या शिबिराला गेले. पूर्ण मौन, खाणाखुणासुद्धा बंद. शिबिर अर्ध्यावर असतानाच सर कॉलेजात हजर. आम्ही विचारलं, काय झालं? "मी एक शब्द नाही बोललो," सर दुखावल्या स्वरात म्हणाले. "पण तिथला स्वयंपाकी होता ना, त्याच्या मुलीला नर्सिंगला ॲडमिशन पाहिजे होती." न बोलता हे त्यांना कसं कळलं, हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. शिबिरवाल्यांनाही ते कळलं नसावं. त्यांनी सरांना हात जोडून निरोप दिला. स्वयंपाक्याच्या मुलीला मात्र ॲडमिशन मिळाली.

बायको, मालतीबाई, गेल्यावर हे बोलणं वाढलं. लोक म्हणत, निगुडकरांना काही वाटलेलं दिसत नाही. त्यांची मुलगी रेवा एकदा मला म्हणाली, "बाबा गप्प बसले की आमचं घर ऐकू येतं, ताई. म्हणून ते बोलत राहतात." त्यानंतर सर कितीही वेळ बोलले तरी मी घड्याळाकडे बघितलं नाही.

रेवा डॉक्टर. शिकायला स्कॉटलंडला गेली आणि तिथे इयन नावाचा शाळामास्तर तिला आवडला. सरांनी फोनवर इयनला विचारलेला पहिला प्रश्न तुम्ही ओळखलाच असेल. त्या बिचाऱ्याने पोहे पाहिलेही नव्हते. लग्न इंदुरात ठरलं, मार्चमध्ये. इयनची आई लहानपणीच वारलेली. वडील अँगस, मेंढपाळ शेतकरी, ते येणार होते. आणि ऐनवेळी आले नाहीत. त्यांच्याकडे मेंढ्या वितात त्याच दिवसांत, निघता येत नाही, एवढाच निरोप.

मांडवात कुजबुज सुरू झाली. नवऱ्या मुलाचा बाप नाही म्हणजे काय? उज्जैनच्या एक आजी तर थेटच बोलल्या, "मुलगी पसंत नसेल त्यांना." सर हातात अक्षता घेऊन फिरत होते. थांबले. "काकू, तिथे बाळंतपणं चालू आहेत. एक-दोन नाही, कळपच्या कळप. तुम्ही सोडून आला असता का?" सगळे हसले. मग सरांनी मोबाइलवर अँगसना व्हिडिओ कॉल लावला आणि तो मांडवभर फिरवला. पडद्यावर अंधारा गोठा, गवत, कुणाचं तरी कोपर. एक मेंढी स्पष्ट ओरडली आणि फोन कटला. "व्याहीजींनी आशीर्वाद दिले!" सरांनी जाहीर केलं. माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही, पण व्याह्यांसाठी आणलेला फेटा आणि नारळ ते गुपचूप पिशवीत परत ठेवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा मिस्किलपणा नव्हता.

पुढच्या सप्टेंबरात मला एडिनबराच्या विद्यापीठात एका सत्रासाठी जायची संधी मिळाली. रेवाला दिवस गेले होते. तिचा फोन आला, "ताई, बाबांना घेऊन याल? एकटे आले तर पूर्ण विमानाची चौकशी करत बसतील." मी हो म्हटलं. विमानात सरांनी कुणाचीही चौकशी केली नाही. विमान धावपट्टीवर धावायला लागलं तसं त्यांनी माझा हात घट्ट धरला, डोळे मिटले आणि दिल्लीपासून पार वर जाईपर्यंत एकच प्रश्न विचारत राहिले, "उतरलो का अपन?"

केल्सो हे स्कॉटलंडच्या दक्षिणेकडचं जुनं बाजाराचं गाव, इंग्लंडच्या सीमेजवळ. त्याच्याबाहेर अँगसचं शेत आणि दगडी घर. रेवा आणि इयन तिथेच राहत. मला विद्यापीठात रुजू व्हायला अवकाश होता, म्हणून तो आठवडा मीही तिथेच राहिले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी सरांनी पिशवी उचलली. "चल अंजू. मार्केट टाउन आहे म्हणतात. बघू तर."

गावाच्या मधोमध भलामोठा चौक, फरशा नाहीत, गोटे बसवलेले. भोवती उंच, नीटनेटक्या जुन्या इमारती, एका बाजूला घड्याळाचा मनोरा असलेला टाउन हॉल. फार देखणं. आणि संपूर्ण रिकामं. म्हणजे मोटारी उभ्या होत्या, माणसं नव्हती. सर चौकाच्या मध्यात उभे राहिले, गोल फिरले.

"बाजार कुठे आहे?"

"सर, पूर्वी भरायचा. आता महिन्यातून एकदा भरतो म्हणे."

"महिन्यातून एकदा!" त्यांना खरंच धक्का बसला. "एवढा चौक! अंजू, आपल्या इंदूरच्या राजवाड्यासमोर एवढी जागा रिकामी दिली असती तर? इथे पोहे-जलेबी. त्या घड्याळाखाली भुट्ट्याचा कीस. इथे बांगड्या, तिकडे भांडी. आणि मधून एक सांड फिरतोय." ते हाताने जागा दाखवत गेले आणि मला खरंच सगळं दिसायला लागलं. एका बाईंनी गाडी मागे घेताना काच खाली केली आणि विचारलं, तुम्हाला काही मदत हवीये का? झालं. सरांना सुरुवात मिळाली.

दुपारपर्यंत पाववाल्याच्या सुनेचं कुठे दुखतंय ते आम्हाला कळलं होतं. खाटकाला सर शाकाहारी असल्याचं आणि तरीही त्याच्या दुकानात बराच वेळ बसण्यात त्यांना काही अडचण नसल्याचं कळलं होतं. मठाच्या भग्न भिंतींपाशी आम्ही गेलो. आठ-नऊशे वर्षांचं बांधकाम, अर्धं पडलेलं, उरलेलं आकाशात उभं. सरांनी मान वर करून पाहिलं, हात जोडले आणि तिथल्या माळ्याला विचारलं, मुलं काय करतात? पुढे नदीकाठी ट्वीड नदीला टेव्हिअट येऊन मिळते. "संगम!" म्हणत सरांनी सँडल काढले, पाण्यात उतरून ओंजळभर पाणी डोक्याला लावलं आणि थंडीने ओरडले. जरा वर कमरेइतक्या पाण्यात एक माणूस गळ टाकून पुतळ्यासारखा उभा होता. सर काठावरून मोठ्याने म्हणाले, "क्यों भिया, कुछ मिला?" त्याने वळून जे पाहिलं, त्याला भाषांतराची गरज नव्हती.

पण खरा गोंधळ वेगळाच झाला. "जेवलात का?" हा सरांचा हातखंडा प्रश्न. त्याचं ते सरळ इंग्रजी करत. चौकातल्या बाकावर बसलेल्या एका आजीबाईंना त्यांनी असंच विचारलं. आजी म्हणाल्या, नाही, अजून नाही. इंदुरात यावर "चला, खाऊन घ्या" म्हणायचं असतं आणि समोरच्याने "नको, नको" म्हणायचं असतं. सर म्हणाले. आजी "नको" म्हणाल्या नाहीत. त्या उठल्या. संध्याकाळी रेवा ड्यूटीवरून आली तेव्हा स्वयंपाकघरात एक अनोळखी म्हातारी पोहे खात होती आणि सर तिला जीरावन वाढत होते.

"बाबा, या कोण?"

"माहीत नाही, बेटा. पण भूक लागली होती त्यांना."

त्या आजी जाताना मला दारात हळूच म्हणाल्या, या स्वयंपाकघरात बाहेरचं कुणी जेवायला बसल्याला फार वर्षं झाली. अँगसची बायको असताना असे.

आता अँगसबद्दल. उंच, हाडं मोठी, चेहऱ्यावर वाऱ्याने कोरलेल्या रेघा. गुडघे गेलेले, म्हणून काठी. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी हात पुढे केला, सरांचा हात एकदा हलवला आणि गोठ्याकडे गेले. बास. सरांनी विमानतळापासून तयार ठेवलेलं भाषण तसंच राहिलं.

पहिल्या रात्री जेवताना सर बोलले आणि आम्ही ऐकलं. अँगस बटाटे कापत राहिले. मधेच सरांनी विचारलं, "तुम्हाला मी काय म्हणू?"

"अँगस."

"नाही हो. नाव नाही घेत आपण. तुमचा मुलगा, माझी मुलगी, तर तुम्ही आणि मी कोण झालो? व्याही! इंग्रजीत शब्दच नाहीये याला. तुमच्या भाषेत आहे काय?"

अँगसनी विचार केला. खूप वेळ. "नाही," ते म्हणाले.

"मग हाच घ्या," सर म्हणाले आणि न विचारता त्यांच्या बटाट्यांवर जीरावन भुरभुरलं. रेवाने डोळे मिटून घेतले. इयनने पाण्याचा ग्लास उचलला. अँगसनी बटाटा तोंडात घातला, चावला, गिळला. "एय," एवढंच म्हणाले. त्या भागात हो म्हणायचं तर असंच म्हणतात. दुसऱ्या रात्री काही न बोलता त्यांनी आपली थाळी सरांच्या दिशेने सरकवली.

पण घरात काहीतरी अवघडलेलं होतं. बाप आणि मुलगा एकमेकांशी फक्त गरजेपुरतं बोलत. मला वाटलं, आमच्यामुळे. मग रेवाने कपडे वाळत घालताना सांगितलं.

"शुक्रवारी मेंढ्यांचा लिलाव आहे, ताई. सगळ्याच चालल्यात. बाबांच्या... म्हणजे अँगसच्या गुडघ्यांमुळे आता माझ्याने नाही होत म्हणतात. इयन शाळेत रमलाय, त्याला शेती नाही करायची. त्याला अपराधी वाटतं, म्हणून तो विषय काढत नाही. ह्यांना वाटतं मुलाला फरक पडत नाही, म्हणून हे काढत नाहीत. त्या दिवशी कुणीही यायचं नाही, असं सांगितलंय त्यांनी."

सर मागे टोपलीतून चिमटे काढून देत होते. त्यांनी काही विचारलं नाही. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

शुक्रवारी पहाटे मेंढ्या मोठ्या ट्रकमधून पुढे गेल्या. अँगस काठी टेकत पिकअपपाशी आले आणि थबकले. पुढच्या सीटवर सर बसले होते. डोक्याला कानटोपी, अंगात दोन स्वेटर आणि पायात इयनचे रबरी बूट, जे त्यांच्या मांडीपर्यंत पोचत होते. मागे मी. मला पहाटे उठवून बसवण्यात आलं होतं.

अँगस बघत राहिले. सरांनी समोरच्या काचेतून सरळ बाहेर पाहिलं. अखेर अँगस आत बसले आणि गाडी सुरू केली.

तो रस्ता मी कधी विसरणार नाही. जव कापून झालेली पिवळी शेतं, त्यांच्यामधून दगडावर दगड रचून केलेली कुंपणं, लांबवर निळे चेव्हिअट डोंगर. एका उघड्या कातळावर जुना एकाकी बुरूज उभा होता, त्याच्या पायथ्याशी कुणाच्या तरी मेंढ्या चरत होत्या. अँगसनी तिकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. अशा ठिकाणी सरांनी बुरुजाची पूर्ण वंशावळ काढली असती. ते गप्प होते. पूर्ण रस्ताभर. मी दोनदा वाकून बघितलं, त्यांची तब्येत तर बरी आहे ना.

बाजार शेजारच्या गावात, मोठ्या शेडमध्ये. मधे लाकडी कठड्याचं गोल रिंगण, त्यात भुसा, भोवती पायऱ्यांवर शेतकरी, सगळे टोप्या घातलेले आणि सगळे कठड्यावर कोपर टेकून. लिलाव पुकारणारा वर चौकटीत बसून एका श्वासात आकडे म्हणत होता, तो आवाज आणि तो वेग ऐकून सरांचे डोळे एकदा चमकले. मंडीतले चमकायचे तसे. त्यांनी माझ्या मनगटाकडे हात नेला आणि मागे घेतला. आज तो दिवस नव्हता.

तिथली रीत अशी की, ज्याच्या मेंढ्या, त्यानेच त्यांना रिंगणात आणायचं आणि फिरवायचं, म्हणजे घेणाऱ्यांना नीट दिसतात. अँगसची पाळी आली. दार उघडलं, मेंढ्या धडधडत आत शिरल्या, मागून अँगस. त्यांनी काठी उगारली, दोन पावलं टाकली आणि थांबले. मेंढ्या एका बाजूला कठड्याला चिकटून दाटीवाटीने उभ्या राहिल्या, सगळ्या त्यांच्याकडे बघत. अँगस त्यांच्याकडे बघत. गुडघे अडले होते की दुसरं काही, मला सांगता येणार नाही. ते हलत नव्हते. पुकारणारा एकदा थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. सगळे भुशाकडे बघायला लागले.

माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

सर दारातून रिंगणात शिरले. बूट मोठे असल्याने प्रत्येक पाऊल उचलून ठेवावं लागत होतं. ते मेंढ्यांच्या मागे गेले, हळूच टाळी वाजवली आणि मालतीबाईंच्या हयातीत घरातल्या मांजराशी बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "चल बेटा. चल, चल. शाब्बास." मेंढ्यांनी एकदा कानटोपीकडे पाहिलं आणि चालायला लागल्या. उलट्या दिशेने, पण चालायला लागल्या. पायऱ्यांवर हसू फुटलं. कुणीतरी ओरडून काहीतरी म्हणालं. वरून पुकारणाऱ्याने विचारलं, "अँगस, हा तुझा गडी कोण?"

अँगसनी मान वर केली. सर मेंढ्यांमागून फिरत फिरत त्यांच्याशेजारी येऊन पोचले होते, धापा टाकत.

"हे माझे व्याही," अँगस म्हणाले.

बाकी वाक्य त्यांच्या भाषेत, तेवढा शब्द आमच्या. उच्चार पार वाकडा. शेडमध्ये कुणालाही त्याचा अर्थ कळला नाही आणि कुणी विचारलाही नाही. म्हणायची तऱ्हाच अशी होती की, पुढे विचारायचं काही राहिलं नाही. हसणं थांबलं. आकडे पुन्हा सुरू झाले. सर एका बाजूने आणि अँगस दुसऱ्या बाजूने चालत राहिले. मेंढ्या मधून गोल फिरत राहिल्या, हातोडा पडेपर्यंत.

नंतर तिथल्याच कँटीनमध्ये चहा घेतला. सर अजूनही बोलत नव्हते. त्यांना गप्प राहता येतं, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. अँगसनी कप दोन्ही हातांत धरला होता.

"लग्नाला आलो नाही ते मेंढ्यांमुळे नाही," ते एकदम म्हणाले. "शेजाऱ्याने बघितलं असतं त्यांचं. सूट शिवला होता मी. विमानतळापर्यंत गेलो होतो." त्यांनी कप खाली ठेवला. "मी कधी विमानात बसलेलो नाही. पाय उचलला नाही."

सरांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा. हिच्या हाताला अजून माझी नखं लागलेली आहेत."

मी अँगसना सगळं सांगितलं. "उतरलो का अपन" याचं भाषांतर करून सांगितलं. ते हसले. त्या माणसाला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आवाज अजिबात नाही, फक्त खांदे हलतात. "मुलाला सांगितलं नाही मी," ते म्हणाले. "त्याला वाटतं मला लग्न पसंत नव्हतं."

"सांगून टाका," सर म्हणाले. "आजच सांगा. उद्या नातवंड विचारेल."

परतलो तेव्हा इयन शाळेतून लवकर येऊन कुरणाच्या फाटकापाशी उभा होता. गाडी थांबली. अँगस सवयीने उतरले आणि फाटक लावायला गेले. आत एकही मेंढी नव्हती. फाटकाला हात लावून ते तसेच उभे राहिले. इयन त्यांच्याजवळ गेला. दोघं पाठमोरे, एकाच आडव्या लाकडावर कोपर टेकून. अँगसनी काहीतरी सांगायला सुरुवात केली.

मी नकळत सरांच्या स्वेटरची बाही धरली. ते तिकडे जाणार, याची मला खात्री होती. उलट त्यांनीच मला घराकडे वळवलं. "तिथे अपना काम नाही, अंजू. तू चहा ठेव. आलं किसून टाक."

बरंच नंतर दोघं आत आले. इयनचे डोळे लाल होते. अँगस खुर्चीत बसत रेवाला म्हणाले, "तुझ्या वडिलांनी मेंढ्या उलट्या फिरवल्या."

"इंदूरचं ट्रॅफिक तसंच चालतं," सर म्हणाले, आणि मग त्यांची जी गाडी सुटली ती जेवणं उरकेपर्यंत थांबली नाही. दिवसभराचं साचलेलं होतं.

पुढचं मी रेवाकडून ऐकलं. तिला मुलगी झाली, सर बाळंतपण आटपून इंदूरला परतले. मला एडिनबराहून परस्पर पुण्यात नोकरी मिळाली आणि इंदूर सुटलं. फोनवर आम्ही बोलायचो, म्हणजे मी ऐकायचे. गेल्या मे महिन्यात सर झोपेतच गेले. तेराव्याला इयन आणि रेवाबरोबर अँगस विमानातून आले. इंदूरच्या मे महिन्यात लोकरी सूट घालून. सगळ्यांनी सांगितलं, कोट तरी काढा. त्यांनी काढला नाही. स्नेहलतागंजातल्या त्या घरात ते दिवसभर घामाने निथळत सरळ बसून होते, आणि येणाऱ्या प्रत्येकाने त्यांना काही ना काही खायला लावलं.

मला मात्र सर शेवटचे दिसले ते केल्सोलाच.

लिलावाच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मला एडिनबराची बस पकडायची होती. सर आणि अँगस मला सोडायला चौकात आले. सरांनी वाटेत खायचा डबा दिला, सूचना दिल्या, त्याच सूचना पुन्हा दिल्या. खिडकीपाशी उभं राहून ते म्हणाले, "पोचल्यावर फोन कर. आणि शेजारी कोण बसलंय ते विचारून ठेव, पूर्ण रस्ता काय करशील?" ड्रायव्हरने बस सुरू केली, पण अजून दोघं-तिघं चढत होते. मी हात बाहेर काढून हलवायला लागले.

नेमका त्याच वेळी चौकाच्या पलीकडच्या कडेला एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून दोघांनी टेबलं उतरवली, वर पट्ट्यापट्ट्यांचं कापड ताणलं. मग दुसरा टेम्पो आला. कुणीतरी गाजरांच्या जुड्या मांडायला घेतल्या, कुणी चीज, कुणी मध. महिन्यातला तो एक शनिवार होता.

सर बोलता बोलता थांबले. त्यांनी मान वळवली. मग अंगही वळवलं आणि थोडेसे पुढे झुकून, पिशवी झुलवत, तरातरा निघाले. मला निरोप द्यायचं ते साफ विसरले. गाजरांपर्यंत पोचायच्या आतच त्यांचा हात वर गेला होता आणि गाजरवाला त्यांच्याकडे बघून हसत होता.

अँगसनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बसकडे पाहिलं. कुणीतरी हे करायला हवं होतं, म्हणून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि बस निघून वळेपर्यंत माझ्याकडे बघत ती हळूहळू हलवत राहिले.